उलट्या वाटेचे पैसे

५ जानेवारी १९८६, रविवार. बोरी

परभणीच्या लोखंडवाल्याने ही डायरी फुकट दिली. वर सोनेरी अक्षरात त्याच्या दुकानाचं नाव, आत कोरी पानं. सगुणा म्हणाली, "धोब्याचे कपडे लिहायला होईल." मी म्हणालो, मी लिहीन. वीस वर्षांपूर्वी कोयता घेऊन ऊस तोडायला गेलो आणि कारखान्यावर वेल्डिंग शिकून परत आलो. आज बोरीच्या नाक्यावर माझं वर्कशॉप आहे. हे कुठंतरी लिहिलेलं असावं.

तर यंदाचं काम: ज्वारीचं मळणी यंत्र. बाजारातलं यंत्र दाणा फोडतं, आणि कणसं घालणाऱ्याचा हातही ओढतं. गेल्या साली सटवाजीचा मनगटापासून गेला. मला लांब तोंडाचं यंत्र करायचंय, हात पोचणारच नाही असं. तिघांनी आगाऊ रक्कम दिली आहे. फेब्रुवारी अखेर द्यायचं कबूल केलंय.

पण मला ड्रॉइंग येत नाही. ते येतं राधाकिशनला. माझ्याकडेच हाताखाली शिकला, आता दोन वर्षं शारजात एका कंपनीत टर्नर आहे. तो संध्याकाळी खोलीवर बसून ड्रॉइंग काढतो आणि टपालाने पाठवतो. महिन्याचे हजार रुपये ठरलेत.

हे हजार त्याला द्यायचे कसे, यावर मी दोन महिने डोकं खाजवलं होतं. इथून तिकडे पैसे पाठवायचे म्हणजे सरकारची परवानगी, मुंबईच्या खेपा. मग सुचलं. तो तरी पैसे कुणासाठी कमावतो? बोरीतल्याच आईबायकोसाठी ना? मग पैसे त्याच्या आईच्या हातावर ठेवायचे. पाठवणावळ शून्य. टपालाचंही तसंच केलं. तो घरी कॅसेट पाठवतोच, त्याच पाकिटात माझी ड्रॉइंगं. एक तिकीट, दोन कामं.

डोकं चालतं माझं अजून.

१२ जानेवारी

ड्रम फिरवून बघितला. दाणा फुटतोय. राधाकिशनने सांगून ठेवलं होतं, "भाऊ, मशीन चालवा आन आवाज टेप करून पाठवा." माझा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-टेप, ड्रमशेजारी ठेवून दहा मिनिटं आवाज भरला. त्या गडबडीत रेड ऑक्साइडचा, लोखंडाला फासतो त्या तांबड्या रंगाचा ब्रश हँडलवर पडला. नव्या टेपला तांबडा डाग. सगुणाने माझे सगळे पूर्वज काढले.

१४ जानेवारी, संक्रांत

राधाकिशनच्या आईला, कस्तुराबाईकाकूंना, तिळगूळ आणि एक तारखेचे राहिलेले हजार रुपये एकदमच दिले. अंगणात वीसेक माणसं. शारजाची कॅसेट आली की ती अंगणातच लागते, बाजेवर टेप, भोवती गल्ली. आधी सगळ्यांना रामराम, मग एकेकाचं नाव घेऊन ख्यालीखुशाली, शेवटी माझं मशीन. कुणाचं नाव राहिलं तर तो आठ दिवस रुसतो.

काकूंनी नोटा सगळ्यांना दिसतील अशा मोजल्या. "माझं लेकरू महिन्याला चुकत न्हाई."

म्हणजे माझ्याच नोटा, नाव लेकराचं. असू दे. शेवटी त्याच्याच घामाचे.

त्याची बायको कोकिळा दारात उभी होती. तिला मी कधीच बोलताना ऐकलं नाही.

२९ जानेवारी

रेडिओवर सांगितलं, जगात तेलाचे भाव धडाधड पडायलेत. मी सगुणाला म्हणालो, डिझेल उतरलं तर माझं मशीन जास्त खपेल. पेढे आणले.

८ फेब्रुवारी, शनिवार

कॅसेट आली. ड्रॉइंगं आली. यावेळी कागदावर नाहीत, पुठ्ठ्यावर. खोकं उलगडून आतल्या बाजूला पेन्सिलीने काढलेली. रेघ तशीच, केसासारखी. काटकसरी झालाय लेकाचा, गुरूचा गुण.

मशीनबद्दल त्याने काय सांगावं? "भाऊ, डाव्या अंगाची बेअरिंग आवाज करतीय. आन चाळणी ड्रमला लय जवळ हाय, बोटभर खाली घ्या." शारजात बसून! मी लगेच माणसाला चाळणी उतरवायला लावली.

कॅसेट मात्र कसली तरी जुनी. मधेच सिनेमाचं गाणं येतं. आणि आवाज जड, ओढल्यासारखा. सेल उतरलेत टेपचे. चार रुपयांचे सेल घ्यायला काय झालं याला? मागे नेहमी लेथ चालू असायचा, यावेळी नाही. दुपारची बांग ऐकू आली, म्हणजे भरदिवसा टेप केलंय. सुट्टी असेल. मजा आहे.

शेवटी एक वेगळंच बोलला. "भाऊ, पुढचे पैशे इकडंच धाडता आले तर बगा. सामान घ्यायचं हाय थोडं."

अंगण खो खो हसलं. तात्याराव न्हावी म्हणाला, "आता बोरीहून शारजाला मनीऑर्डर!" काकूंचा चेहरा पडला. मला ऐकवलं, "भुजंगा, त्याचं काय ऐकू नको. पैशे हितंच दे."

१० फेब्रुवारी

तरीही जिंतूरला बँकेत गेलो. माणूस म्हणतोय तर विचारून बघावं.

मॅनेजर बरा माणूस. म्हणाला, "फॉर्म मुंबईला जाईल. रिझर्व्ह बँक परवानगी देईल तेव्हा देईल. तुमचा करार आहे का? बिल आहे का?" माझ्याकडे पुठ्ठा होता. तो त्याने उलटसुलट करून बघितला.

मी म्हणालो, "आत्तापर्यंत त्याच्या आईला इथंच देत होतो."

त्याने इकडेतिकडे बघितलं. "परदेशातल्या माणसाच्या वतीने इथं पैसे देणं नियमात बसत नाही. हे तुम्ही मला बोलला नाहीत, आणि मी ऐकलं नाही. चहा घ्या."

चहा तसाच ठेवून उठलो. मी चोर झालो की काय? एका म्हातारीला पैसे दिले म्हणून?

१३ फेब्रुवारी

डोक्यात किडा वळवळतोय. सामान कसलं घ्यायचंय त्याला? राहणं, खाणं कंपनीचं. दारू? जुगार? दुसरी बाई? सगुणाला विचारलं. ती भाकरी थापत म्हणाली, "आवो, माणूस घरी मागतो तवा उगं मागत नसतो." मी म्हणालो, तुला काय कळतंय परदेशातलं. तिने भाकरी जरा जोरात थापली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

दुपारी माणसं जेवायला गेली होती. कोकिळा वर्कशॉपच्या दारात. पदराखाली कॅसेट.

"भाऊजी, ही परत लावता का? आपून दोघंच ऐकू."

"घरी टेप आहे की तुमच्या."

"तिथं समदे असत्यात." कॅसेट पुढे केली. "आज सा महिने झाले, त्यांनी घरी पैसा धाडला न्हाई. तुमचे हजार येत्यात तेवढेच. आत्याबाई कुणाला बोलत न्हाईत. मलाबी बोलू देत न्हाईत."

मी पान खात होतो, ते थुंकलं. म्हणजे ज्या नोटा मोजून काकू गल्लीला दाखवतात त्याच तेवढ्या? त्यांच्यावर घर चालतंय, आणि घरची अब्रूही?

"मग त्याने सांगायचं ना. पत्र लिहायचं."

"मला वाचता येत न्हाई. पाकीट आत्याबाई फोडत्यात, तात्याराव वाचून दाखवतो. तुमचंबी त्याच पाकिटात. कॅसेट वीस माणसं ऐकत्यात. त्यांनी सांगायचं तर कुटं सांगावं?"

टेप लावली. मशीन ऐकावं तसं ऐकलं, शब्द सोडून. कान टेपला लावला, डोळे मिटले.

लेथ नाही. आजूबाजूला कुठंच मशीन नाही. ताडपत्री फडफडते आहे. रिकामा डबा कुणीतरी सरकवतो. राधाकिशन म्हणतो, "मी मजेत हाय", आणि त्याच वेळी मागे कुणीतरी हिंदीत म्हणतो, "आज भी पानी का टँकर नहीं आया." त्यावर दुसरा शिवी देतो. मग खोकला. राधाकिशनचाच. तो तोंड बाजूला करून खोकलाय, पण टेप बंद केली नाही. सेल वाचवायला पुन्हा चालू-बंद करत नसेल.

हे सगळं त्या दिवशीही टेपमध्ये होतं. अंगण हसत होतं. मीही.

दोनशे कोसांवरून... कसले कोस, समुद्रापलीकडून त्या माणसाला माझ्या मशीनची डावी बेअरिंग ऐकू आली. मला त्याचं काही ऐकू आलं नाही. आणि दोन्ही काटकसरी माझ्याच. पैसे इथं दिले म्हणून तो तिथं उपाशी. पाकीट एक केलं म्हणून मुका.

कोकिळेला म्हणालो, "मी बघतो." कसं बघणार ते माहीत नव्हतं.

१८ फेब्रुवारी

सकाळच्या एसटीने पाथरी. तिथले वहीदचाचा, म्हातारे, एकेकाळचे टांगेवाले. त्यांचा मुनीर शारजात बेकरीत आहे. घर बांधायला काढलंय. खिडक्यांचं माप मीच दिवाळीत घेऊन आलो होतो, भाव पटला नव्हता.

चाचा वाळूच्या ढिगावर बसून गवंड्याला शिव्या घालत होते. सगळं ऐकलं, दाढी खाजवली. "बेकरी में फोन है. लेकिन भुजंगराव, तुमारे लडके के वास्ते मेरा लडका काम छोडके घूमेगा क्यूं?"

मी म्हणालो, "घूमेगा, चाचा. तुमी सांगितलं तर."

"बात तो सही है," म्हणाले, आणि हसले. दात दोनच, पण मोठं हसू.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. परभणी

तार ऑफिसात सकाळी दहाला कॉल नोंदवला. चाचांनी परवाच मुनीरला सांगून ठेवलं होतं, शुक्रवारी राधाकिशनला बेकरीवर आणून बसव. लागला दुपारी पावणेचारला. तोपर्यंत मी बाकावर, शेजारी चाचा डुलक्या घेत.

केबिनचं दार लागत नव्हतं. आणि ओरडल्याशिवाय तिकडे पोचत नाही. बाहेर पंधरा माणसं कान टवकारून. पुन्हा तेच अंगण! मी ठरवलं, मी काहीच बोलायचं नाही, नुसतं विचारायचं.

"राधाकिशन, भुजंग बोलतोय. कंपनी चालू हाय का?"

"न्हाई भाऊ. सप्टेंबरात बंद पडली. मालक पळाला."

"पगार?"

"तवापासून न्हाई. चाळीस माणसं हावोत कॅम्पात."

"परत यायला काय लागतं?"

"पासपोर्ट एजंटकडं हाय. अठराशे दिरहम मागतोय, तिकिटासकट. पंधरा मार्चपत्तुर. मग तो पोलिसात देणार हाय." खोकला. "भाऊ, आईला सांगू नका. तुमाला आईची आन."

"अरे पण—"

"मशीनची चाळणी खाली घेतली का?"

तीन मिनिटं संपली. बाईने लाईन तोडली.

बाहेर आलो तर एक जण म्हणतो, "काय म्हणतंय शारजा? सोन्याचा भाव काय?"

२२ फेब्रुवारी

अठराशे दिरहम म्हणजे सहा हजार तीनशे रुपये. पैसा एखादे वेळी उभाही राहील. नेणार कसा? बँकेचं झालं, ती पावसाळ्यापर्यंत हलणार नाही. परभणीत एक जण हुंडीवर पाठवतो म्हणतात. भेटलो. गोड बोलला, शेकड्याला बारा मागितले, आणि सगळे आधी. पावती विचारली तर हसला. त्या हसण्यात मला चिल्लर खुळखुळल्यासारखी वाटली. उठून आलो.

एसटीत बसल्या बसल्या डोळ्यासमोर चाचांचं घर आलं. चौदा खिडक्या, नुसती भोकं. जिन्याला कठडा नाही. फाटक नाही. मुनीर तिथून दर महिन्याला यासाठीच पैसे पाठवतो. त्याने तेच पैसे तिथं राधाकिशनच्या हातात दिले, आणि मी इथं पाथरीत लोखंड उभं केलं तर? ना रुपया हलणार, ना दिरहम. पाठवणावळ शून्य.

उतरलो तो परतीच्या गाडीने पाथरीला.

चाचांनी खिडक्यांची भोकं मोजली. मग म्हणाले, "पहिले लोहा. मेरे आंगन में आया, तो फोन. मेरा बच्चा भी वहां भट्टी के सामने खडा रहता है."

रास्त बोलले. मीही असंच म्हणालो असतो. फक्त नियमात हे बसतं की नाही, ते मॅनेजरला विचारायला गेलो नाही. त्याने पुन्हा चहाच पाजला असता.

२३ फेब्रुवारी

एवढं लोखंड माझ्याकडे एकाच ठिकाणी आहे. मळणी यंत्रांचं. अँगल, पट्टी, पत्रा, सगळं कापून ठेवलेलं. नवीन आणायला उधारी उरली नाही, तिघांच्या आगाऊ रकमेचंच ते आलंय.

सगुणाला सांगितलं. वाटलं भांडेल. ती म्हणाली, "सटवाजीचा हात गेला तवा तुमी चार दिस जेवला न्हाईत. आता ह्यो तर आख्खा माणूस हाय."

दोघांना यंत्र पुढच्या साली देतो म्हणालो. एक जण मानला. दुसरे आबासाहेब, त्यांनी चारचौघांत "बाजारबुणग्या" म्हटलं. तिसऱ्याचं यंत्र अर्धं उभं आहे, तेवढं ठेवलं.

१ मार्च

दिवसाला तीन खिडक्या. डोळ्यात वेल्डिंगचा चटका, बटाट्याच्या चकत्या ठेवून पडलोय. सगुणा लिहून देते म्हणाली. नको, मीच लिहितो, वाकडं तर वाकडं.

आज काकूंचे हजार द्यायचा दिवस. गेलो आणि सांगितलं, या महिन्याला नाहीत.

"का न्हाईत?"

काय सांगू? आईची आण. म्हणालो, "धंदा बसला, काकू."

त्या ओट्यावर उभ्या राहिल्या. आवाज असा की नाक्यापर्यंत. "धंदा बसला! पाथरीला गाड्या भरभरून लोखंड चाललंय ते मला दिसत न्हाई व्हय? माझ्या लेकराच्या घामाचे पैशे खातोस भुजंगा? हातात किडे पडतील! ठाण्यात जाते मी!"

लोक जमले. तात्याराव म्हणाला, "देऊन टाका की भुजंगशेठ, गरिबाचे." मी घाबरलो. शिव्यांनी नाही, ठाण्याच्या नावाने. म्हातारी जमादारापुढे बोलायला लागली तर काय काय निघेल? आईला दिलेले हजार, चाचाचं लोखंड, मुनीरचे दिरहम. मी आत जाईन, आणि पंधरा तारखेला राधाकिशन तिकडे आत.

कोकिळा दारात. एक पाऊल पुढे आली, तोंड उघडलं. मी मान हलवली. ती मागे सरली.

बोरीत इतक्या वर्षांत मला कुणी चोर म्हटलं नव्हतं. आज म्हटलं. मी खाली मान घालून आलो. राग आला. त्या म्हातारीचा नाही, त्या पोराचा. कशाला घातली आण?

६ मार्च

शेवटची गाडी पाथरीला उतरवली. फाटक बसवताना चाचांनी ते पाच वेळा उघडलं, पाच वेळा लावलं. मग माझ्यासमोर परभणीचा कॉल नोंदवायला निघाले.

संध्याकाळी बोरीचा जमादार वर्कशॉपवर आला. मी वेल्डिंगची काच डोळ्यांवरून काढलीच नाही, चेहरा दिसू नये म्हणून. म्हणाला, "ठाण्याच्या फाटकाची बिजागरी निखळली." तिथल्या तिथं बसवून दिली. पैसे मागायची छाती झाली नाही. कस्तुराबाई आली होती का, असं विचारायचीही नाही.

११ मार्च

काही नाही. टपाल नाही, तार नाही. चाचांकडून निरोप नाही.

मुनीरने घेतले आणि दिले नाहीत तर? एजंटने घेतले आणि पासपोर्ट दिला नाही तर? माझ्याकडे ना कागद, ना पावती. एका म्हाताऱ्याचे दोन दात आणि शब्द.

१३ मार्च

दुपारी पोस्टमन सायकल न थांबवताच ओरडला, "भुजंगशेठ, तार!" हात तेलाचे, तशीच फाडली. पाथरीहून, चाचांची. आत दोनच शब्द: काम हुआ.

सगुणा म्हणाली, "आता तरी पेढे आणा." आणले. कुणासाठी ते सांगितलं नाही.

१९ मार्च, बुधवार

सकाळी वर्कशॉप उघडलं तर राधाकिशन ओट्यावर बसलेला. पहाटेच्या गाडीने उतरला, आणि घरी गेला नाही. हातात एक कापडी पिशवी. गालफडं बसलेली.

"घरी जा ना."

"कसा जाऊ भाऊ? मोकळ्या हातानं?"

खरं होतं. शारजाहून आलेला माणूस म्हणजे ब्लँकेट, अत्तर, टेप. गल्ली आधी पिशवीकडे बघते, मग तोंडाकडे.

मी आत गेलो. टू-इन-वन पुसला, जुनं खोकं माळ्यावरून काढलं, त्यात घातला. तांबडा डाग खोक्यात दिसत नव्हता. सगुणाने तिची न वापरलेली चादर दिली, मुंबईहून आणलेली, हरणाचं चित्र.

"भाऊ, हे तुमचं..."

"गप. पहिल्यांदा ते बघ."

तिसरं मळणी यंत्र चालू केलं. तो उभा राहिला, मान तिरकी करून. आवाज ऐकता ऐकता त्याच्या डोळ्यांना धार लागली. म्हणाला, "डावी बेअरिंग बदलली तुमी."

मग घरी गेला.

२३ मार्च, रविवार

काकूंनी बोलावणं धाडलं. अंगण भरलेलं. म्हटलं, आता दुसरा भाग.

राधाकिशन बाजेवर, गल्ली भोवती. टू-इन-वन मधोमध, अंगावर कोकिळेने विणलेलं जाळीचं फडकं. काकूंनी मला बाजेवर, लेकाच्या शेजारी बसवलं. स्वतः चहा आणला. मग ओट्यावर त्याच जागी उभ्या राहिल्या, आणि तोच आवाज:

"समद्यांनी आयका. भुजंगाचा आन आमचा हिशेब फिटला. मी बोलले ते माझं चुकलं. परत कुणी त्याला नावं ठिवली तर माझ्याशी गाठ हाय."

तात्याराव न्हावी खाली बघायला लागला. मी राधाकिशनकडे बघितलं, त्याने मान हलवली. त्याने काही सांगितलेलं नाही. कोकिळेनेही नाही. मग म्हातारी एवढी कशी विरघळली? लेकरू दिसलं, टेप दिसली, खूश झाली असणार. आणि उद्यापासून तो माझ्याकडे कामाला येतोय, तेही असेल.

निघताना सहज फडकं उचलून बघितलं. हँडलवरचा माझ्या रेड ऑक्साइडचा तांबडा डाग कुठंच नव्हता. टेपला रॉकेलचा वास मात्र येत होता, आणि काकूंच्या पदराच्या टोकाला तांबडं.

टापटीप बाई आहे.